आधी समोरच्याचं म्हणणं

डोंगराच्या प्रश्नावरची खडकदऱ्यातली पहिली ग्रामसभा मारामारीनं संपली. बद्रीनाथनाना नावाचे म्हातारे गृहस्थ, ना कुणाच्या अध्यात ना मध्यात, शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते. कुणीतरी भिरकावलेली खुर्ची त्यांच्या खांद्यावर आली आणि हाड मोडलं. त्यांना जीपमध्ये घालून अंबाजोगाईला नेलं तेव्हा सरपंच चतुराबाई त्यांना धरून बसली होती. नाना रस्ताभर एकच विचारत होते, की मी काय बोललो होतो. ते काहीच बोलले नव्हते.

दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या चतुराबाईनं ठरवलं, की पुढची सभा अशी होऊ द्यायची नाही.

ती सरपंच झाली ती जागा बाईसाठी राखीव निघाली म्हणून. सह्या तिनं करायच्या आणि कारभार नवऱ्यानं, रामकिसननं बघायचा, असं गावानं गृहीत धरलं होतं, आणि पहिलं वर्षभर तसंच चाललं. पण त्याआधी कित्येक वर्षं ती बायकांचा बचत गट चालवत होती. गटात भांडणं कायमची. दोघी हमरीतुमरीवर आल्या की चतुराबाई त्यातल्या एकीला म्हणायची, तुझं नंतर सांग, आधी हिचं काय म्हणणं आहे ते तू मला सांग. ही 'होय' म्हणाली की मग तुझं. अर्धी भांडणं तिथंच विरून जात. कारण पहिली ज्या म्हणण्यावरून भांडत असे, ते दुसरी कधी बोललेलीच नसे.

डोंगराचं भांडण तसं नव्हतं. तिथं दोघांचंही खरं होतं. धारूरच्या बाजूनं येणारी बालाघाटाची रांग खडकदऱ्याच्या डोक्यावरून जाते. त्या डोंगरावरचं गवत गेलं होतं, नुसता मुरूम उघडा पडला होता. पाऊस आला की पाणी माती घेऊन थेट ओढ्याला जायचं आणि संक्रांतीनंतर विहिरी तळ दाखवायच्या. शेतकऱ्यांचं म्हणणं, डोंगरावर चर खणायचे, झाडं लावायची आणि पाच वर्षं चराईबंदी करायची. एकही मेंढरू, एकही शेळी वर चढू द्यायची नाही. डोंगराच्या कडेला राहणाऱ्या धनगरवस्तीचं म्हणणं, पावसाळ्यात आमची जितराबं याच डोंगरावर जगतात. दिवाळीनंतर आम्ही गोदाकाठी निघून जातो, पण पावसाळ्यात सगळीकडे शेतं उभी असतात, तेव्हा आम्ही जायचं कुठं?

चतुराबाई आधी गावातल्या बबनरावांकडे गेली. गावातली सगळ्यात जास्त जमीन त्यांची आणि बंदीसाठी सगळ्यात आग्रही त्यांचा मुलगा हरिओम. तो शेतकी शिकून आला होता, डोंगराच्या पायथ्याला त्यानं सीताफळाची बाग लावली होती आणि डोळ्यांदेखत ती वाळताना बघितली होती. मग ती वस्तीवर गेली. वस्तीनं आसारामचं नाव सांगितलं. आसाराम पन्नाशीचा, बोलण्यात शांत, गावात सगळ्यांच्या ओट्यावर बसणारा माणूस. दोघांनाही तिनं आपले नियम समजावून सांगितले. एकानं बोलायचं तेव्हा दुसऱ्यानं ऐकायचं. कुणाच्या घरात, जातीत, मेलेल्या माणसात शिरायचं नाही. समोरच्याचं जे खरं असेल ते खरं म्हणायचं, माहीत नसेल तिथं माहीत नाही म्हणायचं. आणि आपलं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं, की त्यानं स्वतः 'होय, हेच' म्हटलं पाहिजे.

हरिओम हसला आणि कबूल झाला. आसाराम बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वैनी, नेम चांगला हाय. जमंल मला."

दुसरी सभा सकाळी भरली. मेंढरं डोंगरावर न्यायची वेळ तीच, त्यामुळे वस्तीवरून दोघंच आले, आसाराम आणि त्याचा चुलतभाऊ बजरंग. गावातले मात्र शाळेच्या मैदानात मावत नव्हते. बरेच जण गंमत बघायला आले होते.

चतुराबाईनं चिठ्ठी टाकली आणि पहिली पाळी आसारामची आली. तो उठला, पटका सारखा केला आणि हरिओमकडे वळून म्हणाला, की तुमचं म्हणणं मला असं कळलंय. मग तो बोलला:

"मेंढरांनी डोंगर खाल्ला. बापाच्या काळात गवतात उभा मानूस दिसत नव्हता, आता नुसता दगूड दिसतो. गवत न्हाई म्हनून पानी थांबत न्हाई, पानी थांबत न्हाई म्हनून खालच्या हिरी आटत्यात. पाच सालं डोंगराला इसावा दिला तर समद्या गावाचं भलं हुईल. वस्तीचं नुसकान हाय, पर समद्या गावाच्या म्होरं वस्ती केवढी?" जरा थांबून त्यानं आणखी एक सांगितलं. "शेळ्यांचं मी सोताबी मानतो. शेळी कोवळा शेंडा सोडत न्हाई. ते खोटं म्हनलो तर डोंगर हासंल मला."

गावातल्या कुणालाही आपलं म्हणणं इतकं सरळ मांडता आलं नसतं. हरिओमनं नुसती मान हलवली, तेव्हा चतुराबाई म्हणाली, तोंडानं सांग. तो म्हणाला, "होय. हेच."

हरिओमची पाळी आली तेव्हा त्यानं एका वाक्यात उरकलं, की यांना फुकटचा चारा पाहिजे. लोक हसले. आसाराम म्हणाला, हे माझं म्हणणं नाही. चतुराबाईनं हरिओमला पुन्हा बोलायला लावलं. दुसऱ्या वेळीही आसाराम नाही म्हणाला, तेवढ्याच शांतपणे. हरिओमच्या कानशिलावर घाम आला. तिसऱ्यांदा मात्र तो अडखळत, विचार करत बोलला, आणि आसाराम म्हणाला, "होय, आता बराबर." कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग बऱ्याच जणांनी वाजवल्या. त्यानंतर आसारामनं आपली बाजू सविस्तर मांडली, हरिओमनं त्याची. आवाज चढला नाही. निर्णय दिवाळीच्या आधी तिसऱ्या सभेत घ्यायचा असं ठरलं आणि माणसं शांतपणे घरी गेली. बद्रीनाथनाना गळ्यात हात बांधून आले होते. जाताना त्यांनी चतुराबाईच्या डोक्यावर चांगला हात ठेवला.

त्या दिवशी ती फार खुशीत होती. आपल्याला काहीतरी जमलं, असं तिला सरपंच झाल्यापासून पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी आष्टीहून तिच्या बहिणीचा फोन आला. बहीण म्हणाली, तुमच्या गावचा व्हिडिओ आलाय आमच्याकडे, तुमच्या धनगरांनीच कबूल केलं म्हणे. चतुराबाईनं तो मागवून घेतला. आसाराम मैदानात उभा होता आणि बोलत होता, "मेंढरांनी डोंगर खाल्ला." 'तुमचं म्हणणं मला असं कळलंय' हे आधीचं वाक्य गेलं होतं. नंतरचं त्याचं स्वतःचं बोलणंही गेलं होतं. शेवटी 'डोंगर हासंल मला' असं म्हणून तो थांबतो, तिथं व्हिडिओ संपत होता. वर लिहिलं होतं, की वस्तीचा माणूस स्वतः सांगतोय, आता तरी ऐका.

तिनं तो परत परत लावून पाहिला. त्यात एक शब्द खोटा नव्हता.

वस्तीवर तो आधीच पोचला होता. एवढंच नाही, वडवणीच्या बाजारात, धारूरकडच्या दुसऱ्या वस्त्यांवर, जिथं जिथं मेंढपाळ होते तिथं तिथं पोचला होता. तिकडच्या गावांतही चराईबंदीची बोलणी चालू होती आणि तिथले शेतकरी आता हाच व्हिडिओ दाखवून म्हणत होते, की बघा, तुमच्यातलाच माणूस मानतो. आसारामच्या पाहुण्यांचे फोन आले. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी नुसतं विचारलं, काय दिलं तुला गाववाल्यांनी?

खरा घाव पुढे बसला. दिवाळीनंतर गोदाकाठी जाताना वस्तीवरची पाच-सहा घरं आपली मेंढरं एकत्र करून निघतात. त्याला ते वाडा म्हणतात. वाड्यात असलं की पाळीपाळीनं झोपता येतं, लांडग्याला हाकलायला माणसं असतात, कुणा शेतकऱ्याशी वाद झाला तर पाठीशी चार काठ्या असतात. वस्तीचा वाडा सुंदरबाई चालवायची. नवरा गेल्यापासून कुठल्या वाटेनं जायचं, कुठं उतरायचं, सगळं तीच ठरवत होती. तिनं निरोप धाडला, की आसारामनं यंदा आपलं आपण बघावं.

चतुराबाई त्याच दुपारी वस्तीवर गेली. सुंदरबाई दारात लोकर पिंजत होती. तिनं बसायला घोंगडं टाकलं, पाणी दिलं, पण हातातलं काम थांबवलं नाही. चतुराबाईनं सगळं सांगितलं. नियम माझा होता, आसारामभाऊ दुसऱ्याचं म्हणणं सांगत होते, ते त्यांचं स्वतःचं नव्हतं, पुढं ते तुमच्याच बाजूनं बोलले. सुंदरबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमी गावाच्या," ती म्हणाली. "तुमची जमीन डोंगराखाली हाय. बंदी झाली तर तुमच्या हिरीला पानी येनार. तुमी सांगताय त्याच्यावर आमी कसा इस्वास धरावा?"

सुंदरबाई खोटं बोलत नव्हती.

"आन शेळ्यांचं?" सुंदरबाईनं विचारलं. "तेबी दुसऱ्याचंच सांगत व्हता का?"

"न्हाई. ते त्यांचं सोताचं व्हतं. पण ते खरं हाय ना, मावशी?"

"खरं हाय. पर आपल्या अंगावरलं खरं चव्हाट्यावर सांगायची काय गरज? त्यांच्यातल्या कुनी सांगितलं का, की गायरान मोडून ऊस लावला? रस्त्याला मुरूम म्हनून डोंगर कुनी उकरला, ते कुनी कबूल केलं? आमचाच एक का म्हनून खरं बोलतो?"

चतुराबाईनं आजूबाजूला पाहिलं. बजरंग जरा लांब कोकरांना पाला टाकत होता. त्याला हे सगळं ऐकू येत होतं. तो वळला नाही.

परत जाताना तिनं त्याला वाटेत गाठलं. तू तर आसारामच्या शेजारी बसला होतास, तू का सांगत नाहीस, असं तिनं विचारलं. बजरंगनं हातातली फांदी मोडत मोडत उत्तर दिलं. व्हिडिओ आला त्या दिवशी सगळे त्याच्याभोवती जमले होते. हा असं बोलला का, म्हणून विचारलं. त्यानं सांगितलं, बोलला.

"खोटं न्हाई सांगितलं मी," तो म्हणाला.

"पुढचं का न्हाई सांगितलं?"

"पुढचं सांगितलं असतं तर म्हनले असते, तूबी तितंच बसलता, तुलाबी दिले का? माजी पोरगी दिलीय पलीकडल्या वस्तीत, वैनी. वाड्यातून मला काडलं तर मी कुटं जाऊ?"

चतुराबाईला त्याचा राग यायला हवा होता. तो आला नाही, याचंच तिला वाईट वाटलं.

हरिओमकडे ती संध्याकाळी गेली. तो बागेत ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. व्हिडिओ त्यानंच कापला होता हे त्यानं लपवलं नाही. गावाच्या ग्रुपवर टाकला, पुढं कुणी कुठं नेला ते त्याला माहीत नव्हतं. "काकू, मी त्यात एक शब्द बदलला नाही," तो म्हणाला. "त्यांना पटलं म्हणून ते इतकं चांगलं बोलले. ते लोकांना दाखवलं तर काय बिघडलं?"

"तूबी त्यांचं म्हणणं मांडलं होतंस. चांगलं मांडलं होतंस. ते का न्हाई टाकलं?"

हरिओमनं हातातला नळीचा वेढा आवळला. चतुराबाईच्या मनात दिवसभर घोळणारी गोष्ट त्या क्षणी तिला स्वच्छ दिसली. ते टाकलं असतं तरी हरिओमचं काहीही बिघडलं नसतं. लोक म्हणाले असते, बबनरावांचा मुलगा मनाचा मोठा. नियम तिनं दोघांना सारखाच लावला होता, पण त्यातलं ओझं सारखं नव्हतं. एकाला समोरच्याचं खरं म्हणायला तिसऱ्या वेळी थोडा घाम आला. दुसऱ्याचा पहिल्याच वेळी वस्तीशी संबंध तुटला. हे तिला आधी कळायला पाहिजे होतं. आसाराम कबूल होण्याआधी बराच वेळ गप्प बसला होता, तेव्हा तो हेच तोलून बघत होता का, हे तिनं त्याला विचारलं नव्हतं.

संपूर्ण व्हिडिओ टाक, ती म्हणाली. हरिओम म्हणाला, सभा होऊ द्या, मग टाकतो. त्याच्या नजरेत लबाडी नव्हती. भीती होती. मागं वाळलेली झाडं रांगेत उभी होती.

घरी रामकिसननं तिला समजावलं. नवरा म्हणून नाही, गावातला शहाणा माणूस म्हणून. तू कशाला खोलात शिरतेस, तो म्हणाला. ठराव आता आरामात होतो, आपलीही विहीर भरेल, आसारामचं काय, चार महिन्यांत लोक विसरतील. ठराव व्हावा असं तिलाही मनातून वाटत होतं. उन्हाळ्यात टँकरमागं हंडे घेऊन धावण्याचा तिला वीट आला होता. त्यामुळे तिला आणखी लाज वाटली.

सभेच्या आदल्या दिवशी ती आसारामला बोलवायला गेली. त्यानं यावं आणि स्वतः सांगावं, एवढंच तिला पाहिजे होतं. ती पोचली तेव्हा त्याची बायको बायनाबाई घोड्यावर बिऱ्हाड लादत होती. खाली भांडी, वर घोंगडी, त्यावर बांधलेली कोंबड्यांची खुराडी. दिवाळी अजून पुढं होती. वाडा निघायला वेळ होता.

"एवढ्या लौकर?" चतुराबाईनं विचारलं.

"वाड्याच्या आदी निघालो तर वाटंत गाठ पडनार न्हाई," बायनाबाई म्हणाली. "गाठ पडली आन कुनी तोंड फिरवलं, तर यांना सोसनार न्हाई." ती पुन्हा दोऱ्या आवळायला लागली. चतुराबाईकडे तिनं एकदाही बघितलं नव्हतं.

आसाराम मेंढरांपाशी होता. उद्या सभेला या, तिनं विनवलं. सगळी वस्ती येणार आहे, तुम्ही सांगाल ते त्यांना ऐकावं लागेल.

"काय सांगू? मी असं म्हनलोच न्हाई म्हनू? म्हनलो तर हाय. दुसऱ्याचं म्हनून म्हनलो, हे सांगितलं तर ते म्हनत्यात, मग आमच्या बाजूनं बोललास ते कुटं हाय? वैनी, मी आता जे बोलंल ते परत कुनीतरी कापंल. बोलायचीच भीती बसली मला." तो जरा थांबला. "तुमच्यावर राग न्हाई माजा."

तिला वाटलं, राग असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या सभेला वस्ती सगळी उतरली. पुरुष काठ्या हातात घेऊन मैदानाच्या मागच्या बाजूला उभे राहिले, सुंदरबाई पुढं येऊन बसली. गावातल्या पोरांनीही तयारी ठेवली होती, हे चतुराबाईला दिसत होतं. रामकिसननं तिच्या कानाशी सांगितलं, की पटकन ठराव वाच, हात वर करून घे आणि सभा संपव.

चतुराबाई उठली. ठराव तिच्या हातात होता. तो तिनं खाली ठेवला आणि सांगितलं, की मागच्या सभेत काय झालं ते इथल्या अर्ध्या लोकांना माहीत नाही, आणि ते कळल्याशिवाय हात वर करणं खोटं ठरेल. आसाराम आज इथं नाही. म्हणून त्याचं म्हणणं दुसऱ्या कुणीतरी मांडायचं आहे.

"हरिओम, तू मांड," ती म्हणाली.

बबनराव खुर्चीतून अर्धवट उठले. हरिओमनं खाली मान घातली. मग तो उठून पुढं आला आणि लोकांकडे न बघता बोलायला लागला.

त्याला सगळं पाठ होतं. कुठून कापायचं ते ठरवण्यासाठी त्यानं तो व्हिडिओ इतक्या वेळा ऐकला होता, की आसारामचं बोलणं त्याच्यापेक्षा जास्त कुणालाच ठाऊक नव्हतं. आसारामकाकांनी आधी सांगितलं ते आमचं म्हणणं होतं, तो म्हणाला, त्यांनी ते आमच्यासाठी मांडलं. त्यांचं स्वतःचं असं होतं: डोंगर एकट्या मेंढरांनी खाल्ला नाही. रस्त्यासाठी त्याचा मुरूम काढला, त्यावरची झाडं गावानं तोडली. खालचं गायरान उसात गेलं म्हणून सगळी जितराबं वर चढली. पूर्वी सुगी झाल्यावर शेतकरी मेंढरं शेतात बसवून घ्यायचे, खत व्हायचं, आता तारा ओढल्या. डोंगराला विसावा पाहिजे हे खरं, पण त्याचे तीन भाग करा, एक भाग बंद ठेवा, दोन भागांत चरू द्या, दर वर्षी बघून बदला. शेळ्या बंद भागाच्या कडेलाही नेणार नाही, ही जबाबदारी आमची.

"आणि ते म्हणाले," हरिओमचा आवाज खाली आला, "पाणी पाहिजे ते तुम्हालाच असं नाही. मेंढरंही पाणीच पितात."

मागं काठ्यांची चुळबुळ झाली. सुंदरबाईनं सबंध वेळ त्याच्या तोंडाकडे बघितलं होतं. ती म्हणाली, "हे तू आज बनवून सांगत असशील. आमाला गोड वाटावं म्हनून."

नियम असा होता, की ज्याचं म्हणणं त्यानंच 'होय' म्हणायचं. तो माणूस गोदेच्या वाटेवर होता. चतुराबाईनं मागच्या गर्दीत नजर फिरवली आणि ती बजरंगवर थांबली. तिनं त्याचं नाव घेतलं नाही. नाव घेऊन त्याला ओढायचं नाही, हे तिनं येतानाच ठरवलं होतं. ती नुसती वाट बघत उभी राहिली.

बजरंगनं काठी शेजारच्याच्या हातात दिली आणि तो पुढं आला.

"होय," तो म्हणाला. "असंच म्हनलाय दादा. मी शेजारी बसलतो. मला सगळं म्हाईत व्हतं."

वस्तीच्या माणसांनी त्याच्याकडे असं बघितलं, की चतुराबाईला क्षणभर वाटलं, आता काठ्या त्याच्यावर पडतात. कुणी हात उचलला नाही. सुंदरबाई पदर तोंडाला लावून बसून राहिली. खूप वेळानं ती म्हणाली, "तीन भागांचं बोला."

ठराव तीन भागांचाच झाला. बबनरावांना तो पसंत नव्हता, वस्तीतल्या काही जणांनाही नव्हता. दोन्हीकडचे काही लोक हात वर न करताच निघून गेले. मारामारी झाली नाही. त्याच दुपारी हरिओमनं संपूर्ण व्हिडिओ ग्रुपवर टाकला. तो लांबलचक होता, पुढं कुणी पाठवला नाही. कापलेला मात्र नंतरही कुठून कुठून येत राहिला.

बजरंग आसारामच्या मागं गेला. वडवणीच्या पुढं एका माळावर त्याला तो सापडला. आदल्या रात्री लांडगे आले होते. नवराबायको दोघंच होती, एका बाजूनं हाकलेपर्यंत दुसऱ्या बाजूनं मेंढरं फाडली गेली. बजरंगनं पाय धरले, वाडा येतोय, थांबा म्हणाला. आसारामनं त्याला उठवलं, चहा पाजला, मेंढरं फाडली ती जागा दाखवली आणि 'आमी जातो म्होरं' म्हणून निघून गेला. हे बजरंगनं फोनवर चतुराबाईला सांगितलं, तेव्हा त्याला नीट बोलता येत नव्हतं.

हिवाळा, उन्हाळा तसाच गेला. चतुराबाईनं सभेचा नियम सोडला नाही, पण बदलला. आता चिठ्ठी टाकत नसे. ज्याच्याकडे जास्त आहे, त्यानं आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, आणि सभेत फोन बाहेर टेबलावर ठेवायचे. लोक कुरकुरत, पण ठेवत.

पाऊस सुरू झाल्यावर वस्ती परतली. आसारामही आला. लोकांनी त्याला हाका मारल्या, सुंदरबाईनं जेवायला बोलावलं, तो गेला, जेवला. पण गावात कुणाच्या ओट्यावर तो बसेना. सभेचा निरोप गेला की त्या दिवशी त्याची मेंढरं सगळ्यात लांब असायची.

श्रावणात चतुराबाई चर बघायला डोंगरावर चढली. बंद भागाच्या कडेशी आसाराम मेंढरं वळवत उभा होता. तिनं त्याच्याजवळ जाऊन इतके दिवस मनात धरलेलं बोलून टाकलं. नियम करण्याआधी मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं, की हे तुम्हाला किती जड जाईल.

"विचारलं असतं तरी मी होयच म्हनलो असतो," आसाराम म्हणाला. "तवा मला बोलायला आवडायचं."

दोघंही बंद भागाकडे बघत राहिले. चरांच्या काठानं गवत पोटरीपर्यंत आलं होतं, वाऱ्यावर हलत होतं. खालच्या चरात अजून पाणी साठलेलं होतं. आसाराम खाली वाकला, गवताची एक काडी उपटली, तिच्या मुळाला चिकटलेली माती त्यानं बोटांत चुरली आणि वास घेतला.

"लई चांगलं आलंय," तो म्हणाला. "बंदी केली ते बराबर केलं. अजून एक साल ह्या भागाला हात लावू नये." मग त्यानं काडी टाकून दिली आणि तिच्याकडे पाहिलं. "वैनी, हे मी म्हनलो म्हनून खाली कुनाला सांगू नका."

ती उतरून आली तेव्हा पायथ्याला हरिओम बागेत होता. त्यानं कुंपणाशी येऊन विचारलं, वर आसारामकाका दिसले का, बंद भागाबद्दल काही म्हणाले का? पुढच्या सभेत तो भाग बदलायचा की तसाच ठेवायचा हे ठरणार होतं, आणि त्यांचं मत कळलं तर फार बरं होईल, असं तो अगदी मनापासून म्हणाला.

चतुराबाईनं त्याच्याकडे बघितलं. पोरगं आता खरंच ऐकायला तयार होतं.

"मेंढरं वळवत होते," ती म्हणाली. "काही बोलले न्हाईत."

आणि पदर सावरून ती गावाकडे चालायला लागली.